जुन्या गिटारचं वय कसं ठरवतात? पुराव्याविषयी थोडं

पीएचडीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. पेटला कोणतं पुस्तक वाचू? सिनॉप्सिस किती पानांची हवी? मुलाखतीत मेथडॉलॉजीवर काय विचारतात? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण एकदा प्रवेश मिळाला आणि गाइडसमोर पहिल्यांदा डेटा घेऊन बसलात, की खरा प्रश्न वेगळाच येतो: "हे तुला कशावरून कळलं?"

या एका प्रश्नापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते. कारण एम.एस्सी.पर्यंत आपण उत्तरं शिकलेलो असतो. उत्तरामागचा पुरावा किती वजनाचा आहे, तो कुठे तुटू शकतो, हे तपासायची सवय नसते. मेथडॉलॉजीच्या पेपरात 'रिलायबिलिटी' आणि 'व्हॅलिडिटी' यांच्या व्याख्या पाठ होतात, पण त्या हाताला लागत नाहीत.

म्हणून आज हा विषय एका अगदी वेगळ्या जगातून समजून घेऊ. जुन्या इलेक्ट्रिक गिटार जमवणारे आणि दुरुस्त करणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्यातले फार थोडे संशोधक असतात. पण एखादी गिटार खरंच १९६३ची आहे का, हे ठरवताना ते ज्या पद्धतीने विचार करतात, ती पद्धत कुठल्याही प्रयोगशाळेत चालेल अशी आहे. आणि ते जिथे घसरतात, तिथे आपणही घसरतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

इलेक्ट्रिक गिटारच्या या जगात दोन अमेरिकन नावं सगळ्यात मोठी. एक फेंडर, कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावची. तिचा संस्थापक लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. दुसरी गिब्सन, त्या काळी मिशिगन राज्यातल्या कॅलामझूची. गिब्सनची लेस पॉल १९५२ साली बाजारात आली आणि फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली. ही कारखान्यात बनणारी, दुकानात मिळणारी वाद्यं होती. नवी स्ट्रॅटोकास्टर तेव्हा सुमारे २५० डॉलरला मिळायची. ती बनवणाऱ्या कामगारांच्या डोक्यात 'आपण इतिहास घडवतोय' वगैरे काही नव्हतं. समोर असेल तो सुटा भाग लावायचा आणि माल बाहेर पाठवायचा.

आज १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल लाखो डॉलरला जातात. त्या बनल्याच दोन हजारांहून कमी. फेंडरच्या बाबतीत एक रेघ ठरलेली आहे: जानेवारी १९६५. त्या महिन्यात सीबीएस या मोठ्या कंपनीने फेंडर विकत घेतली. रेघेच्या अलीकडची गिटार आणि पलीकडची गिटार यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. म्हणजे 'ही गिटार १९६४ची की १९६६ची?' हा प्रश्न दिसायला साधा असला, तरी त्याच्या उत्तरावर कुणाची तरी आयुष्यभराची बचत लागलेली असू शकते. चुकीचं उत्तर कुणाला तरी महागात पडतं आणि कुणाच्या तरी फायद्याचं असतं. पुरावा पारखायची वेळ येते ती अशाच ठिकाणी.

पहिला धडा: पुरावा नेमकं काय सांगतो?

गिटारचा आवाज कमीजास्त करायची जी फिरकी असते, तिच्याखाली एक छोटा सुटा भाग असतो. त्याला पॉट म्हणतात. जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमलाही हाच असायचा. अमेरिकन कारखान्यांत बनलेल्या पॉटच्या पाठीवर एक आकडा ठोकलेला असतो. समजा तो १३७६६१२ असा आहे. पहिले तीन अंक कारखान्याचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल), पुढचे दोन वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६६ सालच्या बाराव्या आठवड्यात बनला.

मग गिटार १९६६ची झाली का? नाही! पॉट १९६६ला बनला, एवढंच कळलं. गिटार त्याच्या आधी बनलेली असू शकत नाही, पण नंतर कधीही बनलेली असू शकते. आणि इथे हे नुसतं तर्कापुरतं नाही. फेंडरने १९६६ साली सीटीएसच्या पॉटचा एवढा मोठा साठा घेऊन ठेवला, की १९६९पर्यंतच्या कितीतरी गिटारांमध्ये १९६६चेच पॉट सापडतात.

पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना हा तर्क ओळखीचा वाटेल. उत्खननात एखाद्या थरात सातवाहनांचं नाणं मिळालं, तर तो थर त्या नाण्याहून जुना नाही एवढंच म्हणता येतं. नाणं शंभर वर्षं वापरात असू शकतं. नाण्याने खालची मर्यादा दिली, तारीख नाही दिली.

शिवाय या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे: पॉट मूळचाच आहे. १९८०मध्ये कुणी दुरुस्तीत पॉट बदलला असेल, तर जुन्या गिटारमध्ये नवा पॉट दिसेल आणि खालची मर्यादाही कोसळेल. म्हणून अनुभवी माणूस आकडा वाचायच्या आधी डाग बघतो. कारखान्यात दिलेला सोल्डरचा डाग एकदाच वितळलेला असतो. पुन्हा उघडून दिलेला डाग वेगळा दिसतो, आजूबाजूला फ्लक्सचे ओघळ असतात. आधी गृहीतक तपासायचं, मग निष्कर्ष काढायचा.

तुमच्या सिनॉप्सिसमधलं प्रत्येक निरीक्षण घ्या आणि विचारा: हे मला नेमकी किंमत देतंय, की फक्त वरची किंवा खालची मर्यादा? आणि ते कुठल्या गृहीतकावर उभं आहे? निम्मी भांडणं इथेच मिटतात.

दुसरा धडा: लेबल वाचण्याआधी लेबलाची पद्धत वाचा

फेंडरचा नेक चार स्क्रूंनी बॉडीला जोडलेला असतो. तो सोडवला की त्याच्या टाचेवर तारीख मिळते. पूर्वी ती पेन्सिलने लिहीत, १९६२पासून शिक्का आला. समजा शिक्का असा आहे: '२ मे ६३ बी'. कुणीही वाचेल, २ मे १९६३. पण तो २ म्हणजे तारीख नव्हे, तो मॉडेलचा संकेत आहे. शेवटचं 'बी' हे नेकच्या रुंदीचं माप. या शिक्क्यातून फक्त महिना आणि वर्ष कळतं, आणि तेही त्या नेकचं. नेक तयार होऊन काही काळ मांडणीवर पडून राहू शकतो. गिटार जुळवली कधी, हे शिक्का सांगतच नाही.

सिरियल नंबरची कथा याहून गमतीची. लोकांना वाटतं, नंबर वाढत गेला म्हणजे गिटार नवी. पण फेंडरच्या नंबरच्या पट्ट्या क्रमाने लावल्या जात नव्हत्या. हाताला येईल ती पट्टी बसवली जायची. त्यामुळे मोठा नंबर आधीच्या गिटारवर आणि लहान नंबर नंतरच्या गिटारवर सर्रास सापडतो. गिब्सनने तर १९६०च्या दशकात तेच नंबर पुन्हा पुन्हा वापरले. एकाच नंबरच्या, वेगवेगळ्या वर्षांच्या गिटार अस्तित्वात आहेत.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गिब्सनच्या पिकअपवरचा स्टिकर. सेथ लव्हर या अभियंत्याने गुणगुण मारणारा, म्हणजे हम घालवणारा दुहेरी गुंडाळीचा पिकअप तयार केला. पेटंटचा अर्ज १९५५ साली गेला, पेटंट मिळालं जुलै १९५९मध्ये. पण 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असा स्टिकर त्यानंतरही साधारण १९६२पर्यंत लागत राहिला. पुढे पेटंटचा क्रमांक छापलेला स्टिकर आला, तर तो क्रमांक या पिकअपचा नव्हताच! तो होता लेस पॉलच्या तारा अडकवायच्या भागाच्या पेटंटचा.

म्हणजे कंपनीने स्वतः छापलेलं लेबलसुद्धा डोळे झाकून घेता येत नाही. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळावरून डेटा उतरवताना, जुन्या प्रबंधातला तक्ता वापरताना, फ्रीजरमधल्या सीनियरच्या बाटलीवरची तारीख वाचताना हेच लागू पडतं. ती तारीख द्रावण बनवल्याची, बाटली फोडल्याची, की फ्रीजरमध्ये ठेवल्याची? लेबल कुणी, केव्हा आणि कशासाठी लावलं हे कळल्याशिवाय त्यातला आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

तिसरा धडा: तीन पुरावे की एकच पुरावा तीनदा?

हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. जरा सावकाश वाचा.

समजा एका स्ट्रॅटोकास्टरबद्दल मालक म्हणतो, ही पूर्ण मूळची १९६३ची आहे. तो दाखवतो: पॉटचा आकडा १९६३चा, पिकअपची बांधणी त्या काळातली, निवडीचा स्विच त्या काळातला. तीन पुरावे, तिन्ही जुळतात. पटतं ना?

आता स्ट्रॅटोकास्टरची रचना बघा. तिचे तिन्ही पिकअप, तिन्ही पॉट आणि स्विच हे सगळं समोरच्या एका प्लास्टिकच्या पत्र्यावर, म्हणजे पिकगार्डवर बसवलेलं असतं. काही स्क्रू काढले आणि दोन-तीन वायरी सोडवल्या की अख्खा पत्रा सगळ्या भागांसकट उचलून येतो. खऱ्या १९६३च्या मोडक्या गिटारचा पत्रा उचलून कुणी दुसऱ्याच बॉडीवर बसवला, तर तुमचे तिन्ही 'पुरावे' एका फटक्यात जुळतात. ते तीन नव्हतेच.

आकड्यात बघू. मानून चाला की फेरफार झालेल्या गिटारमध्ये एखादी खूण योगायोगाने बरोबर निघायची शक्यता दहात एक आहे. तिन्ही खुणा एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर तिन्ही बरोबर निघायची शक्यता १/१० × १/१० × १/१०, म्हणजे हजारात एक. पण तिन्ही एकाच पत्र्यावरून आल्या असतील, तर शक्यता राहते दहात एकच. तुमच्या आत्मविश्वासात शंभरपटीची चूक! आणि ही चूक गणितात नाही, खुणा स्वतंत्र आहेत असं मानण्यात आहे.

म्हणून जाणकार लोक वेगवेगळ्या 'ठिकाणचे' पुरावे शोधतात. एक पत्र्यावरचा, एक नेकच्या टाचेवरचा, एक बॉडीच्या खोबणीतला, एक रंगाच्या थरातला. या सगळ्यांना एकाच वेळी खोटं करायला फार खटपट लागते.

आपल्याकडे हीच चूक वेगळ्या वेषात येते. एकाच कुंडीतल्या दहा पानांची मोजणी करून 'एन बरोबर दहा' लिहायचं. एकाच बॅचमधल्या द्रावणाचे पाच नमुने घेऊन पाच प्रयोग केले म्हणायचं. एकाच मूळ लेखावरून उतरवलेल्या चार पुस्तकांचा चार संदर्भ म्हणून उल्लेख करायचा. परीक्षक पहिल्यांदा इथेच बोट ठेवतात. स्वतःला विचारा: माझी सगळी निरीक्षणं एकाच पत्र्यावर तर बसलेली नाहीत?

चौथा धडा: रसायनशास्त्र घड्याळ नाही, पण साक्षीदार आहे

जुन्या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर असायचा. त्या काळी गाड्यांनाही असेच रंग लागायचे. फेंडरचे कितीतरी खास रंग हे मोटारींच्या रंगांच्या तक्त्यातूनच घेतलेले होते. हे लॅकर उजेडाने आणि काळाने पिवळं पडतं. त्यामुळे मूळचा पांढरा रंग सायीसारखा दिसू लागतो आणि निळ्यावर पिवळा थर चढल्याने तो हिरवट वाटतो.

मग 'पिवळी म्हणजे जुनी' असा नियम करावा का? करू नका. पिवळेपणा नुसत्या वर्षांवर अवलंबून नसतो. साठ वर्षं पेटीत बंद असलेली गिटार नवीकोरी दिसू शकते आणि रोज रात्री सिगारेटच्या धुरात वाजलेली गिटार पंधरा वर्षांत म्हातारी दिसते. काळ हा एक घटक झाला. उजेड, धूर, घाम, उष्णता हे बाकीचे. एकच परिणाम देणारी चार कारणं असतील, तर परिणामावरून एका कारणाचं माप काढता येत नाही.

पण इथे गिटारनेच एक सुंदर सोय करून ठेवलेली आहे. पिकगार्डच्या खालचा भाग! तिथे उजेड पोचलेला नसतो. पत्रा उचलला की त्याच बॉडीवर, त्याच दिवशी लागलेला, पण ऊन न लागलेला रंग दिसतो. म्हणजे प्रत्येक गिटारच्या आत तिचा स्वतःचा कंट्रोल नमुना दडलेला आहे. आतला आणि बाहेरचा रंग यांत नैसर्गिक फरक दिसला, तर म्हातारपण खरं असायची शक्यता वाढते. आतही तेवढाच पिवळा असेल, तर रंगातच पिवळी छटा मिसळली असल्याचा संशय घ्यायचा.

दुसरं साधन म्हणजे अतिनील दिवा. नोटा तपासायला दुकानात जो जांभळा दिवा ठेवतात, तसाच. अंधारात हा दिवा धरला की जुनं नायट्रो लॅकर हिरवट-पिवळं चमकतं आणि मागाहून मारलेला रंगाचा ठिपका वेगळा उठून दिसतो. छान चाचणी आहे, पण तिची हद्द ओळखून. पन्नास वर्षांपूर्वी कुणी अख्खी गिटार नायट्रोनेच पुन्हा रंगवली असेल, तर तीही चमकेल. ही चाचणी 'थर जुना आहे' एवढं सांगते, 'थर पहिला आहे' असं सांगत नाही. आपल्या चाचणीने 'हो' म्हटलं म्हणजे कोणकोणत्या शक्यता उरतात, याची यादी करायची सवय लावून घ्या.

पाचवा धडा: आकडा देताना परिस्थितीही द्या

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. ४२ गेजची ही तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते आणि तिचे हजारो वेढे असतात. हौशी लोक मल्टिमीटर लावून तिचा रोध मोजतात आणि सांगतात: "माझा पिकअप ६.४ किलोओहम, म्हणजे जास्त वेढ्यांचा, म्हणजे जास्त दमदार!"

जरा हिशेब करू. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ६ किलोओहम असलेला पिकअप ४० अंशांना ६ × (१ + ०.००३९ × २०), म्हणजे जवळजवळ ६.४७ किलोओहम दाखवेल. एकही वेढा न वाढवता! एसी असलेल्या खोलीत मोजलेला आणि मे महिन्यात नागपुरात पंख्याखाली मोजलेला एकच पिकअप दोन वेगळे पिकअप वाटतील. दुसरं, रोध जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. तार फक्त ३ टक्के बारीक निघाली, तरी रोध ६ टक्क्यांहून जास्त वाढतो. त्या काळच्या तारेत एवढा फरक अगदी शक्य.

म्हणजे 'वेढे जास्त' हा निष्कर्ष काढायच्या आधी तापमान आणि तारेची जाडी या दोन गोष्टी हाताशी हव्यात. मल्टिमीटर चुकीचं सांगत नाही. आपण त्याला विचारला एक प्रश्न आणि उत्तर समजलो दुसऱ्याच प्रश्नाचं. आकड्याबरोबर एकक, तापमान, उपकरण आणि अनिश्चितता लिहायची असते ती काही गाइडला खूश करायला नव्हे.

सहावा धडा: गोल फिरणारं ज्ञान

'१९६३च्या गिटारमध्ये अमुकच असतं' हे आपल्याला कळलं कसं? तर १९६३च्या मूळ गिटार बघून. आणि त्या मूळच्या आहेत हे कशावरून? त्यांच्यात 'अमुकच' होतं यावरून! हे वर्तुळ या छंदाच्या मुळाशी आहे. कारखान्यात समोर असेल तो भाग लावला जायचा, हे आपण वर बघितलं. त्यामुळे विचित्र, मधल्याच काळातल्या, पण पूर्ण अस्सल गिटार असणारच. नियम फार कडक लावले, तर हे अपवाद 'बनावट' म्हणून बाजूला पडतात. मग उरलेल्या गिटारांवरून नियम आणखी पक्का वाटतो. कुणी मालक घाबरून तो वेगळा भाग काढून 'बरोबर' भाग बसवतो. पुरावा कायमचा गेला, नियम जिंकला.

दुसरी बाजू नकली माल बनवणाऱ्यांची. जाणकारांनी लिहिलेली प्रत्येक खूण तेही वाचतात. लॅकरला थंडीचा अचानक धक्का बसला की बारीक तडे जातात, हे कळल्यावर लोक मुद्दाम गारठवून तडे पाडायला लागले. खूण सर्वांना माहीत झाली की तिची ओळखायची ताकद कमी होते.

या कोंडीतून हौशी मंडळींनी काढलेला रस्ता मला फार आवडतो. ते नोंदी ठेवतात आणि वाटतात. गिटार उघडली की प्रत्येक डाग, शिक्का, खोबणीतली हत्यारांची खूण यांचे फोटो काढायचे. ज्या गिटारचा मालकीचा इतिहास कागदोपत्री आहे, म्हणजे पहिल्या घराण्यातच राहिलेली, खरेदीची पावती असलेली, तिला जास्त वजन द्यायचं. कारण तिचं वय तिच्या भागांवरून ठरवलेलं नाही. वर्तुळ मोडायचं तर बाहेरून येणारा पुरावा लागतो. आणि सांगणाऱ्याचा हितसंबंध बघायचा: गिटार विकणारा माणूसच तिच्या अस्सलपणाचा दाखला देत असेल, तर तो खोटंच बोलतो असं नाही, पण दुसऱ्या डोळ्यांची गरज आहे. पीअर रिव्ह्यू म्हणजे वेगळं काय असतं?

सातवा धडा: दुरुस्ती, म्हणजे पुराव्याला हात लावणं

आता दुरुस्तीकडे येऊ. इथे खरी कसोटी लागते, कारण दुरुस्ती करणारा माणूस एकाच वेळी वाद्य वाचवत असतो आणि पुरावा पुसत असतो. रंग खरवडून नव्याने मारला, की गिटार चकचकीत होते आणि साठ वर्षांची साक्ष भुशात जाते. बाजारातला ढोबळ ठोकताळा असा, की पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत निम्म्यावर येते.

पण म्हणून हातच लावायचा नाही, असंही नाही. त्या काळच्या पिकगार्डचं सेल्युलॉइड आक्रसतं, वाकतं आणि कुजताना नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं. दमट हवेत त्यांचं आम्ल होतं आणि शेजारचा धातू गंजतो. फेंडरच्या पिकअपमधली तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली. चुंबक गंजला की तार तुटते. तेव्हा 'काहीच न करणं' हाही एक निर्णयच असतो आणि त्याचेही परिणाम होतात. चांगले कारागीर तीन नियम पाळतात: कमीत कमी करा, उलटवता येईल असं करा, लिहून ठेवा. गिब्सनचा नेक जुन्या काळी सरसाने चिकटवलेला असे. सरस गरम पाण्याने, वाफेने सुटतो. तिथे इपॉक्सी भरलं की पुढच्या दुरुस्तीचा रस्ता बंद. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, मोडका असला तरी, पिशवीत घालून गिटारच्या पेटीतच ठेवायचा.

पण 'मूळचं' म्हणजे तरी काय? पीटर ग्रीनची १९५९ची लेस पॉल घ्या. तिच्या एका पिकअपचा चुंबक उलटा आहे. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र वाजवले की त्यांच्या लहरी एकमेकींना काही प्रमाणात काटतात आणि तो पोकळ, रडवेला आवाज येतो. कुणी नियमावर बोट ठेवून तो चुंबक 'नीट' केला असता, तर गिटार बरोबर झाली असती आणि आवाज मेला असता. ती पुढे गॅरी मूरकडे आणि आता कर्क हॅमेटकडे आहे, आवाजासकट. एरिक क्लॅप्टनची प्रसिद्ध काळी स्ट्रॅटोकास्टर तर तीन वेगवेगळ्या गिटारांचे भाग जोडून बनवलेली. एखाद्या वाड्याच्या तुळया एका वाड्यातून, दारं दुसऱ्यातून आणावीत तशी. 'मूळ'पणाच्या कसोटीवर ती नापास, पण २००४च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. कारण तिचा जुळणीनंतरचा इतिहास निर्विवाद होता. एखाद्या गोष्टीचं मोल आपण कुठल्या प्रश्नासाठी ठरवतोय, यावर तिचा अस्सलपणा ठरतो.

डेटा 'साफ' करताना हे आठवा. विचित्र वाटणारा बिंदू काढून टाकणं ही दुरुस्तीच आहे. कदाचित तो बिंदू म्हणजे तुमचा उलटा चुंबक असेल. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, काढलेलं सगळं पिशवीत घालून पेटीत ठेवा आणि का काढलं ते लिहा.

जाता जाता: जुनं म्हणजे चांगलंच का?

"जुन्या गिटारांसारखा आवाज आता होणे नाही," असं सगळे म्हणतात. यावर दोन शंका. एक, टिकून राहिलेल्या गिटार बघूनच आपण बोलतो. वाईट वाजणाऱ्या कितीतरी मोडीत निघाल्या, त्यांच्या सुट्या भागांचे तुकडे झाले. दोन, ऐकणाऱ्याला किंमत माहीत असते. व्हायोलिनवर क्लॉडिया फ्रिट्झ आणि जोसेफ कर्टिन यांच्या गटाने याची परीक्षा घेतली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २१ वादकांना गडद चष्मे लावून नवी आणि स्ट्राडिव्हेरियससारखी जुनी व्हायोलिनं दिली. बहुतेकांना जुनं-नवं ओळखता आलं नाही आणि पसंतीत नवं वाद्य पुढे होतं. हा निकाल उचलून गिटारला चिकटवता येणार नाही. पण 'डोळे बांधून ऐकलंत का?' हा प्रश्न मात्र नक्की चिकटवता येतो.

या साऱ्यात आपल्या सह्याद्रीचाही एक धागा आहे. जुन्या गिटारांच्या नेकवर ब्राझीलच्या शिसवाची पट्टी असायची. ते लाकूड दुर्मीळ होत गेलं आणि १९६०च्या दशकात भारतीय शिसव त्याची जागा घेऊ लागलं, तेच जे पश्चिम घाटात वाढतं. ब्राझीलच्या शिसवावर १९९२पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची सर्वांत कडक बंधनं आहेत. म्हणजे पट्टी कुठल्या जातीच्या लाकडाची, हा प्रश्न हौसेपुरता उरत नाही. गिटार सीमेपलीकडे नेताना तो कायद्याचा प्रश्न होतो. आणि नुसत्या डोळ्यांनी ही दोन लाकडं ओळखणं अवघड जातं.

आता तुमचं काम

तुमच्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात लाडका दावा एका कागदावर लिहा. त्याखाली चार प्रश्नांची उत्तरं लिहा:

१. माझा पुरावा किंमत देतो की फक्त मर्यादा, आणि कुठल्या गृहीतकावर?
२. माझे पुरावे एकमेकांपासून खरंच स्वतंत्र आहेत का?
३. माझ्या नमुन्यात 'पत्र्याखालचा भाग', म्हणजे कंट्रोल, कुठे आहे?
४. मी काय काढून टाकलं, आणि ते परत बघता येईल असं ठेवलंय का?

उत्तर देता आलं नाही, तर तिथेच तुमचा पहिला प्रयोग दडलेला आहे. मुलाखतीत "हे तुला कशावरून कळलं?" असं विचारलं, की या कागदावरून बोला. ज्याला स्वतःच्या दाव्याचा कच्चा स्क्रू कुठे आहे हे माहीत असतं, त्याच्याकडे पॅनेलही आदराने बघतं.